बरणीतला दिवा

वसंताची एक खोड गिरिजाबाईला बिलकुल खपत नव्हती. येतो म्हणायचं आणि यायचं नाही. बरं, येत नाही असा निरोप आला असता तर माणूस दोन शिव्या हासडून मोकळं झालं असतं. पण हा बहाद्दर दर वेळी येतो असंच सांगायचा. गावातलं कुणी कापूस घेऊन जालन्याच्या मोंढ्यात गेलं की त्याच्याजवळ सांगावा यायचा, ‘मायला म्हणावं, येतो.’ मग माय उंबऱ्यात. दिवाळीला ती अशीच उभी राहिली, संक्रांतीला उभी राहिली. होळीची पोळी तर तिनं दोन दिवस शिंक्यात झाकून ठेवली आणि शेवटी गायीपुढे टाकली. टाकताना गायीलाच म्हणाली, “खा बाई. तुला तरी सवड हाय.”

आणि काम तरी काय म्हणावं? कलेक्टरी नाही, मामलेदारी नाही. जालन्याच्या एका दवाखान्यात लोकांचं थुंकी-रक्त तपासायचं. गावात कुणी विचारलं की धाकटा काय करतो, तर गिरिजाबाई मान ताठ करून सांगायची, “डाक्टरच्या हाताखाली हाय.” पुढचं विचारायची कुणाची छाती नव्हती.

रामनवमी आली. रामाची जत्रा भरते ते जांब तिच्या गावाहून चालत जाण्यासारखं. नवमीला जांबला येणारे सोयरेधायरे आधी तिच्या ओसरीवर पाय धुवायचे, तिच्या घरचं जेवून मग देवाला जायचे. दुष्काळाच्या दोन वर्षांत तेही बंद पडलं होतं. यंदा दोन शेर जास्तीचं धान्य घरात होतं, आणि वसंताचा सांगावाही आला होता, ‘येतो.’

अष्टमीच्या सकाळी गिरिजाबाईनं नवं लुगडं नेसलं, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला आणि पायात वहाणा सरकवल्या. थोरला सर्जेराव बैलाला पाणी दाखवत होता. तो बघतच राहिला.

“माय, घरात पाव्हणे यायची येळ अन् तू कुठं निघालीस?”

“तुझ्या भावाचा कान धरून आणाया.”

“अगं पन तो येतो म्हणलाय ना?”

“म्हणूनच चालले,” ती म्हणाली. सुनेला आवाज दिला, “चतुरे, पुरणाला हात आखडू नको. अन् गूळ मोजत बसू नको, पाव्हणे हायेत, सावकार न्हाईत.” आणि जालन्याची गाडी धरायला घनसावंगीच्या रस्त्याला लागली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ती पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. व्हरांड्याच्या टोकाला एक बंद दार आणि दाराशी एक बाई बसलेली. अंगावर विटकी ओढणी, हातात रिकामा पितळी गिलास. गिरिजाबाईनं दाराला हात घातला तसं ती बाई म्हणाली, “नक्को बाई, आत जाऊ देत न्हाई तो पोरगा.”

“कोनता पोरगा?”

“तपासनीवाला. लई कडू हाय. सकाळधरनं दोन डाव हाकललं मला.”

“माझा हाय तो,” गिरिजाबाई म्हणाली.

बाईनं जीभ चावली. “माफ करा हां. मैंने यूंच बोली. माझं डोकं ठिकान्यावर न्हाई.”

“माफी कशाला? कडूच हाय. माझ्यावर गेलाय.” गिरिजाबाई तिच्याशेजारी टेकली. “कोन हाय तुमचं आत?”

बाईचं नाव लालबी. अंबडची. लेक रहिमुन्निसा, लग्नाला वर्ष नाही झालं. ताप आला, डोकं धरून ओरडायला लागली, मग मान लाकडासारखी ताठ झाली. आता आईलाही ओळखत नव्हती.

“पाठीतून पानी काढलं डाक्टरनं,” लालबी सांगत होती. “सुई सुरू केली. पन साहेब म्हणतात, ही सुई लागू पडंल का न्हाई, सांगता येत न्हाई. दुसरं औषध हाय, पन ते लई जालीम. अंगातलं रगत सुकवतं. रोगाचं नाव कळल्याबिगर देता येत न्हाई. अन् नाव तुमचा पोरगा सांगनार. त्या पान्यातून.”

गिरिजाबाईनं बंद दाराकडे पाहिलं. लोकांचं थुंकी-रक्त, एवढंच तिला ठाऊक होतं. नाव सांगायचं काम तिच्या कानावर आलं नव्हतं.

“सांगंल,” ती म्हणाली. “न सांगून जातो कुठं? मी आलेय न्हवं.” आणि दार ढकलून आत गेली.

वसंता पाठमोरा बसला होता. पुढे स्पिरिटचा दिवा निळा जळत होता. मान न वळवता तो खेकसला, “कोण आहे? बाहेर थांबायला सांगितलं ना?”

“बाहेरच हाय मी. दिवाळीपासून.”

त्याची मान गर्रकन वळली. तोंडभर हसला, उठायला गेला आणि पुन्हा तसाच बसला. “माय! थांब जरा, हात गुंतलेत. आता सोडलं तर सगळं वाया जाईल.”

तिनं त्याला डोळे भरून पाहिलं. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती, सदऱ्याची कॉलर विरली होती. त्या गालावरून एकदा हात फिरवावा असं तिला फार वाटलं. तोंडातून मात्र निघालं, “काय अवतार केलाय! आपला सालगडी तुझ्याहून बरा दिसतो.”

“बस तिथं. लांबच बस.”

त्यानं तारेचा छोटा फासा दिव्यात लाल केला, निववला, नळीतल्या पाण्यात बुडवला आणि एका काचेच्या बशीत अलगद ओढत नेला. बशीत लालभडक काहीतरी थिजलेलं होतं.

“हे काय रे?”

“मेंढीचं रक्त. त्यात जंतू वाढतात. हे त्या बाईच्या मुलीचं पाणी. याच्यात रोगाचे जंतू असतील, पण इतके थोडे की दिसले तरी ओळखता येत नाहीत. त्यांना खायला द्यायचं, उबेत ठेवायचं. उद्यापर्यंत वाढतात, मग ओळखू येतात. तू विरजण लावतेस ना, तसं.”

“इरजन मी बी लावते. म्हणून काय उंबऱ्याबाहेर पडत न्हाई का मी?”

“माय, दही बिघडलं तर ताक करता येतं.”

“लई बोलाया लागलास. म्हंजे रोगाला रगत पाजाया तुला सवड हाय, अन् मायच्या हातचा घास खायाला न्हाई.”

वसंता हसला, पण हात हलू दिला नाही. त्यानं दुसरी बशी घेतली, तपकिरी रंगाची, तिच्यातही तसाच फासा ओढला. नळी उपडी करून पाहिली. पाणी संपलं होतं. मग दोन्ही बश्यांना झाकणं घालून, पालथ्या करून, एकीवर एक, लोणच्याच्या बरणीएवढ्या काचेच्या बरणीत ठेवल्या. सगळ्यात वर मेणबत्तीचं बोटभर थोटूक चिकटवलं, पेटवलं आणि बरणीचं झाकण लावलं. बरणीला कागदाची पट्टी होती. दुसरीपर्यंत शिकलेल्या गिरिजाबाईनं अक्षराला अक्षर जोडून वाचलं. र, हि, मु. पुढचं जोडाक्षर तिला साधलं नाही, पण नाव कळलं.

“वसंता,” ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता, तिलाच ओळखू येईना. “चल रे घरी. नवमी हाय उद्या. सगळे इचारतात धाकटा कुठंय. अन् मला बी…” तिथं ती थांबली. मला बी करमत नाही, असं म्हणायची तिला सवय नव्हती.

वसंतानं तिच्याकडे पाहिलं. मग बरणीकडे. “दोन प्लेटा लावल्यात,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. “एकीत नाही आलं तर दुसरीत येईल. तातेराव कंपाउंडरला नुसतं पाहून साहेबांना दाखवता येईल.” तो ताडकन उठला. “साहेब ऑपरेशनला जायच्या आत रजा मागतो. पाचच्या गाडीनं निघू. तू इथंच बस. कशाला हात लावू नको हां!”

आणि लहानपणी ओढ्याकडे पळायचा तसा पळत गेला.

गिरिजाबाई एकटीच खुर्चीत बसून राहिली. मनातल्या मनात ती घरी पोचलीसुद्धा. ओसरीवर पाव्हणे बसलेत, वसंता पंगतीत वाढतोय, कुणीतरी विचारतंय, हा कोण? आणि ती चुलीपासून ओरडून सांगते आहे, माझा धाकटा! पुरणाची पोळी तव्यावरून थेट त्याच्या ताटात. तूप त्याला बोटं बुडतील एवढं लागतं.

सहज तिची नजर बरणीकडे गेली. ज्योत बारीक झाली होती. बघता बघता निळी पडली, वातीला चिकटली आणि गेली. धुराचा एक धागा बरणीत फिरत राहिला.

तिच्या घरात दिव्यावर कुणी फुंकर मारत नसे. ‘विझव’ हा शब्दही तोंडातून काढू देत नसत. दिव्याला निरोप द्यायचा. नवरा शेवटच्या दुखण्यात होता तेव्हा देव्हाऱ्यातला दिवा तिनं तेल घालून घालून जागता ठेवला होता. एके दिवशी तिचा डोळा लागला आणि जागी झाली तर वात काळी पडलेली. त्या दिवशी काय झालं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. आणि इथं तर दिव्याखाली कागदावर नाव लिहिलेलं होतं, आणि त्या नावाची आई दाराबाहेर रिकामा गिलास धरून बसली होती.

तिनं वसंताची काडीपेटी घेतली, झाकण काढलं आणि थोटूक पेटवलं. झाकण लावलं, तर पुन्हा विझलं. पुन्हा पेटवलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की दिवा कोंडला जातोय. “वा रे शिकलेल्या,” ती पुटपुटली. तिनं झाकण बाजूला ठेवलं. खिडकीतून गरम झळ येत होती, म्हणून बरणीला पदराचा आडोसा धरला आणि तशीच उभी राहिली. ज्योत छान सरळ जळत होती. गिरिजाबाईनं रामाला हात जोडले आणि लालबीच्या देवालाही, नाव न घेता.

वसंताला बराच वेळ लागला. आला तो हसतच. “चल माय! रजा मिळाली. तीन दिवस—”

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. त्यानं धावत येऊन ज्योत चिमटीत विझवली, बरणीत हात घालून वरची बशी काढली आणि उजेडात धरली. मेण विरघळून बशीच्या बुडावर पसरलं होतं. आतली तपकिरी जेली पातळ होऊन बशीच्या झाकणात ओघळली होती.

“इझला व्हता दिवा,” गिरिजाबाई म्हणाली. “मी लावला.”

“तो विझायलाच पाहिजे, माय.” तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो हळू बोलला. “तो विझला की बरणीतली हवा बदलते. हे जंतू त्या हवेत चांगले धरतात. उघड्या बरणीत दिवा जळत राहिला, तर नुसती भट्टी झाली.”

“मंग सांगायचं व्हतंस तसं!”

“हात लावू नको म्हणलो होतो.”

गिरिजाबाईनं काडीपेटी जागेवर ठेवली आणि म्हणाली, “दुसरं पानी काढा की. त्यात काय येवढं?”

“इंजेक्शन चालू झालंय. त्यानं जंतू मरत नसतील, पण गुंगलेत. आता काढलेल्या पाण्यात ते उगवतीलच असं नाही. औषधाआधीचं पाणी तेवढंच होतं.” त्यानं खालची बशी काढली, मनगटावर टेकवून पाहिली. “ही कोमट आहे. वितळली नाही. आता जे काय ते हिच्यातच.”

त्यानं नवं थोटूक घेतलं. या वेळी बशीवर न ठेवता बरणीच्या बुडाशी, एका बाजूला चिकटवलं. पेटवून झाकण लावलं. दोघंही बघत उभी राहिली. ज्योत बारीक झाली, निळी झाली. गिरिजाबाईनं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं. ज्योत गेली. वसंतानं बरणी उचलून उबेच्या पेटीत ठेवली आणि पेटीचं दार लावलं.

“तू पाचच्या गाडीनं जा माय,” तो पाठमोराच म्हणाला. “माझं आता येणं होत नाही. एकच प्लेट उरली. ती तातेरावच्या भरवशावर सोडता येत नाही.”

“मी बी जात न्हाई.”

“घरी पाव्हणे—”

“चतुरी हाय. पुरन तिला माझ्याहून बरं जमतं. तिला सांगू नको मातर.”

व्हरांड्यात लालबीनं विचारलं, “काय म्हणला पोरगा? रजा मिळाली म्हणत आत गेला, घेऊन चालल्या ना त्याला?”

“न्हाई येत तो.” गिरिजाबाई धपकन खाली बसली. मनात होतं ते कसंतरी बाहेर पडायला वाट शोधत होतं, आणि वाट सापडली ती नेहमीचीच, तक्रारीची. “तुमच्या लेकीच्या नावाच्या बरणीत दिवा लावतो अन् झाकन घालून कोंडून मारतो. मी पुन्ना लावला, तर त्याचं तोंड उतरलं.”

लालबीनं तिचा हात दोन्ही हातात धरला. “लावला तुमी? माझ्या पोरीचा चिराग? अल्ला भला करे तुमचा. अच्छा किये. मैं भी लगाती.”

गिरिजाबाईला वाटलं, यापेक्षा हिनं एक थोबाडीत ठेवून द्यायला हवी होती. तिनं हात सोडवून घेतला नाही. फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा ठेवला आणि लालबीपुढे केला. “खा. तिखट हाय. रडू आलं तर ठेच्याचं हाय म्हणायचं.”

दिवस कलला तसा वसंता बाहेर येऊन पायरीवर बसला आणि उरलेली भाकरी खाऊ लागला. लहानपणासारखाच खात होता, आधी कडा, मग मधला पापुद्रा. ती बघत राहिली. मधेच घास तसाच ठेवून तो आत गेला, पेटीवरचा काचेचा काटा पाहून आला. ऊब कमी-जास्त होऊन चालत नव्हती आणि जालन्यात वीज कधीही जायची. ती गेली की गरम पाण्याच्या बाटल्या पेटीत ठेवायच्या, हे तो एवढा सहज सांगत होता की गिरिजाबाईला विचारावंच लागलं, “सणासुदीला बी असंच?”

“जंतूंना सण नसतो माय.”

“अन् बाकीची मानसं कुठं मेलीत इथली?”

“तातेराव पट्ट्या बांधतो, नळ्या धुतो. प्लेटा पाहणारा मी एकटाच.”

दिवाळी, संक्रांत, होळी. एकेका सणाला या पेटीत कुणाकुणाच्या नावाची बरणी असेल ते ती मोजायला गेली आणि मधेच सोडून दिलं. तिला त्यांची नावं ठाऊक नव्हती. तिला फक्त उंबरा ठाऊक होता.

नवमीच्या दुपारी, जांबला जन्माचा गुलाल उधळायच्या सुमारास, वसंतानं पेटी उघडली. आपणहून तिला आत बोलावलं, तिच्या मागे लालबी शिरली तर तिलाही हाकललं नाही. बरणीचं झाकण काढलं. बशी उलटी करून खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. गिरिजाबाईला नुसतं लाल दिसलं. मग त्या लालीवर, फासा जिथून ओढला होता त्या रेघेवर, बारीक थेंब दिसले. ज्वारीच्या पानावर दव पडतं तसे.

“आले,” वसंता म्हणाला. बोलण्यात श्वास जास्त होता.

त्यातला एक थेंब त्यानं तारेवर घेतला, काचेवर पसरवला, रंग दिला, धुतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्या दोघी भिंतीला टेकून उभ्या होत्या. वसंता उठला आणि साहेबांकडे पळाला. कालचंच पळणं, पण आज घराकडे नव्हतं.

जालीम औषध सुरू झालं. साहेब म्हणाले, नाव कळलं म्हणून धीर केला, नाही तर धजलो नसतो. रहिमुन्निसा उठून बसली वगैरे काही झालं नाही. तिन्हीसांजेच्या आधी लालबी तिच्या खाटेजवळून आली ती एवढंच सांगायला, की पोरीनं पाणी गिळलं. गिलास पहिल्यांदाच ओला होता.

मग मात्र गिरिजाबाई उठली. शेवटची गाडी गाठायची तर निघायला हवं होतं. वसंता तिला स्टँडवर सोडायला आला. गाडी लागलेली होती. कुठल्यातरी गावचे लोक कपाळाला गुलाल लावून उतरत होते. त्यानं तिला खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उभा राहिला. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याच्या दाढीच्या गालावर ठेवला. हा हात कालपासून निघायचा होता. वसंतानं मान खाली घातली.

“अजून एक दिवस त्या जंतूंवर कोणकोणतं औषध चालतं ते पाहायचं आहे,” तो म्हणाला. “येत्या आयतवारी येतो माय. नक्की येतो.”

तिनं हात काढून घेतला. “झालं सुरू.”

“खोटं नाही बोलत मी. येतो म्हणतो तेव्हा मला यायचंच असतं. रोज वाटतं.”

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी घरघरली. वसंता खिडकीचा गज धरून बरोबर चालू लागला, आणि गिरिजाबाई सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुला यायचं असतं ते ठावं हाय मला. पन तुझ्या वाटन्यावर मी उंबऱ्यात किती उभी राहू? तू लबाड न्हाईस, कामचोर न्हाईस, ते पाह्यलं मी डोळ्यानं. तू भेकड हायेस, वसंता. मायला न्हाई म्हणाया भेतोस. आजपासून येनं व्हत नसंल तर तोंडावर न्हाई म्हणायचं. वाट पाह्याची का न्हाई, ते माझं मी बघीन.”